टेम्पोला घरीच छप्पर करायचंय, पण बायको नको म्हणते

प्रश्न थोडक्यात : पुणे-सोलापूर रस्त्यालगत रोपवाटिका चालवणाऱ्या एका वाचकानं जुना पिकअप टेम्पो घेतला आहे. हौदा उघडा, साडेआठ फूट लांब आणि साडेपाच फूट रुंद. उन्हावाऱ्यात रोपं माना टाकतात, पावसात कुंड्यांतली माती वाहून जाते. लोखंडी कमानी आणि ताडपत्रीच्या छपराचा फॅब्रिकेटरनं सांगितलेला दर परवडणारा नाही. वाचकाचे वडील पूर्वी मंडपवाल्यांकडे कनाती शिवायचे, जड कापडाचं मशीन अजून घरात आहे. तेव्हा लाइट फिटिंगचा पाइप वाकवून कमानी करायच्या, त्या हौद्यात आतून खोचायच्या आणि वडिलांनी शिवलेलं कॅनव्हास वरून दोरीनं आवळायचं, असा बेत आहे. छप्पर झालं की सोमवतीला घरचे दहा-बारा जण मागे बसून जेजुरीला जातील, हेही ठरलेलं आहे. पत्नीचा सगळ्यालाच विरोध : ‘हे घाटात उडणार.’ त्यावरून वडील दुखावले आहेत. वाचक विचारतात : खरं कोणाचं? कापड किती जाड घ्यावं? आरटीओची अडचण येईल का? आणि रंग मिलिटरी हिरवा घेतला तर चालेल का?

---

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, कारण त्यात छप्पर एक दिसत असलं तरी मागण्या दोन आहेत. एक छप्पर रोपांसाठी, एक माणसांसाठी. रोपांसाठीचं घरी होईल आणि तुमच्या वडिलांच्या हातून ते चांगलं होईल असं मला मनापासून वाटतं. माणसांसाठीचं होणार नाही. तुमच्याकडून नाही आणि दुप्पट पैसे मोजले तरी त्या फॅब्रिकेटरकडूनही नाही.

आधी हे दुसरं बोलून घेऊ, कारण ते मिटलं की बाकीचं सोपं आहे. ‘छप्पर झालं म्हणजे मागे बसणं सुरक्षित झालं’ असं तुम्ही धरून चालला आहात. कापडानं ऊन थांबतं, पाऊस थांबतो, धूळ थांबते. पण करकचून ब्रेक लागला की हौद्यात बसलेला माणूस पुढे फेकला जातो, त्याला कापड धरून ठेवत नाही. तिथे सीट नाही, पट्टा नाही, धरायला काही नाही. गाडी कलंडलीच तर उघड्या हौद्यापेक्षा झाकलेला वाईट. कमानी वाकतात, कापड अंगावर येतं आणि आतल्याला बाहेर पडायची वाट सापडत नाही. कमानी कितीही जाड पाइपच्या केल्या तरी त्या ताडपत्री पेलायला केलेल्या असतात, उलटलेली गाडी पेलायला नाही.

कायदाही इथे स्पष्ट आहे. मालवाहू गाडीच्या हौद्यात प्रवासी नेता येत नाहीत. आणि विम्याचं म्हणाल तर सर्वोच्च न्यायालयानं २००२ च्या डिसेंबरमध्येच सांगितलं आहे की मालगाडीतून फुकट बसवून नेलेल्या प्रवाशांच्या भरपाईची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही. म्हणजे दुर्दैवानं काही झालं तर भरपाई गाडीच्या मालकानं द्यायची, तुम्ही. ती मागायला समोर उभे राहतील ते तुमचेच चुलते, मेहुणे, भाऊ असतील. हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण दहा-बारा जणांत लहान मुलंही असणार, म्हणून लिहिते.

जेजुरीला जायला दुसरी वाट आहे आणि ती महाग नाही. स्वारगेटहून एसटी जाते. तिकिटाला महिलांना निम्मी सवलत आहे, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना निम्मी आणि पंचाहत्तरीच्या पुढच्यांना प्रवास मोफत. तुमच्या घरचे दहा-बारा जण असे मोजून बघा, पूर्ण तिकिटं किती लागतात ते. पुणे-मिरज मार्गावर जेजुरीला रेल्वे स्थानकही आहे. नाहीतर त्या दिवसापुरती प्रवासी परवान्याची गाडी ठरवा. पण टेम्पो नको.

आता रोपांचं छप्पर.

तुम्ही विचारलंत, कापड किती जाड? बहुतेक सगळे हेच विचारतात, पण खरा प्रश्न वाऱ्याचा आहे. गाडीचा वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा जोर चौपट होतो. ताशी ४० किलोमीटरला समोरून लागणारा दाब चौरस मीटरला साधारण साडेसात किलो वजनाइतका असतो, ८० ला तो ३० किलोच्या आसपास जातो. तुमच्या हौद्याचं माप घेतलं तर छपराचं क्षेत्रफळ साडेचार चौरस मीटरच्या जवळ येतं. पुढची बाजू उघडी ठेवून मागचा पडदा बंद केलात तर आत शिरलेली हवा कोंडते आणि कापड वर उचलते. अशा वेळी ८० च्या वेगाला छपरावर सव्वाशे ते एकशेतीस किलोची वर ओढ बसू शकते. दोन धडधाकट माणसं आतून छत ढकलताहेत एवढी. गाडी ६० नं चालली असेल आणि समोरून २० चा वारा असेल तरी हिशेब ८० चाच. एप्रिल-मे मधल्या वळिवात दिवे घाटाच्या वळणावर वारा कसा अंगावर येतो, हे सासवडला रोपं पोचवणाऱ्या तुम्हाला मी सांगायला नको.

म्हणून तुमच्या पत्नी म्हणतात ते खरं आहे. तुम्ही लिहिलेल्या बेतानं छप्पर उडेल. पण कापड घरी शिवलंय म्हणून नाही. कमानी नुसत्या खोचलेल्या आहेत, पाइप हलका आहे आणि दोरी कुठे बांधायची हे ठरलेलं नाही, म्हणून. मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याच्या तोंडावर पंधरा फुटी ताडपत्री आणि वाकडा पाइप जाऊन पडणं, हा खरा धोका आहे. त्याचा विचार आपण कमी करतो, कारण तो माणूस आपल्या ओळखीचा नसतो.

लाइट फिटिंगचा पाइप सोडून द्या. तो वायर झाकायला असतो. बाहेरून २५ मिलिमीटर आणि २ मिलिमीटर जाडीचा काळा ईआरडब्ल्यू (पत्रा वळवून वेल्डिंगनं जोडलेला) पाइप घ्या. भवानी पेठेतल्या लोखंडवाल्यांकडे सहज मिळतो. मीटरला सव्वा किलोच्या आत वजन येतं. चार कमानी आणि त्यांना जोडणारे, हौद्याच्या लांबीच्या दिशेनं जाणारे तीन पाइप धरले तर पंचवीसेक मीटर लागेल, म्हणजे तीस किलोच्या आत-बाहेर लोखंड. त्यावर कापड, बोल्ट, पट्टे. भिजलेल्या कॅनव्हाससकट पन्नास किलो धरा आणि तेवढा माल कमी भरा, कारण आरसी बुकातलं एकूण वजन छपरासकट मोजलं जातं. पाइप पाइप-बेंडरवरच वाकवून घ्या. गुडघ्यावर किंवा झाडाच्या बुंध्यावर वाकवलेला पाइप वळणावर चपटा होतो आणि पुढे तिथेच मोडतो. कमान मधोमध चांगली उंच ठेवा. सपाट छतावर पाणी साचतं, साचलेल्या पाण्यानं कापड ताणून खळगा होतो, खळग्यात आणखी पाणी. चौरस मीटरच्या खळग्यात सरासरी पाच सेंटिमीटर पाणी म्हणजे पन्नास किलो.

एक गोष्ट हौशी कामात हमखास राहते. कमानी एकेकट्या मजबूत असतात, वर जोडणारे पाइपही असतात, पण तिरका आधार नसतो. मग जोरात ब्रेक मारला की सगळ्या कमानी एकदम पुढे झुकतात. दोन्ही बाजूंना, पुढच्या दोन कमानींच्या मधे आणि मागच्या दोन कमानींच्या मधे, खालच्या कोपऱ्यापासून वरच्या कोपऱ्यापर्यंत तिरकी पट्टी टाका. सगळ्या सांगाड्यात स्वस्त तुकडा हाच, आणि सगळा सांगाडा उभा राहतो तो याच्यावर.

कमानीचे पाय हौद्याला बोल्टनं जखडले पाहिजेत. फाळक्याला, म्हणजे हौद्याच्या उघडणाऱ्या बाजूला, नाही. फाळका उघडबंद होतो, त्याच्या बिजागऱ्यांवर छपराचा भार टाकायचा नसतो. हौद्याच्या कोपऱ्यांचे उभे खांब आणि कडेची मूळ चौकट हाच आधार. १० मिलिमीटरचे बोल्ट, दोन्हीकडून मोठे वायसर आणि नायलॉक नट, जे हादऱ्यानं सैल पडत नाहीत. चासीला भोक पाडू नका, चासीला वेल्डिंगही नको. कमानीच्या पायांचं वेल्डिंग शक्यतो गाडीपासून लांब, जमिनीवर करून घ्या. गाडीवर करणं भागच पडलं तर आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची, आणि डिझेल टाकीजवळ किंवा सीएनजीच्या सिलिंडरजवळ ठिणगी जाऊ द्यायची नाही. कोणी स्वस्तात जीआय पाइप देऊ केला तर लक्षात ठेवा, त्यावरचा जस्ताचा थर जळताना निघणारा धूर छातीत गेला तर ताप भरतो. वेल्डिंगच्या जागेवरचा थर घासून काढायचा आणि काम उघड्यावर करायचं.

हे वेल्डिंगचं आणि बोल्टचं काम मात्र घरी करू नका. तुम्ही फॅब्रिकेटरचा दर अख्ख्या छपराचा घेतलात आणि अख्खंच नाकारलंत. फक्त सांगाड्याचा दर विचारा. कापड, शिलाई, आयलेट (दोरी ओवायच्या भोकातल्या कड्या), पट्टे तुमच्याकडे. मापाचा कागद स्वतः काढून न्या. दर बराच खाली येईल.

आता वडिलांचं काम. त्यांना कनातीचा हात आहे, तरी कनात एका जागी उभी असते आणि हे कापड धावणार आहे, एवढा फरक त्यांच्याशी बसून बोला. नाना पेठेत रिक्षाची हूडं शिवणारे कारागीर आहेत, त्यांच्याकडे त्यांना एकदा घेऊन जा. तिथे अर्धा तास नुसतं बघितलं तरी पुष्कळ कळतं. मी बघत होते तेव्हा एक कारागीर हूडच्या कोपऱ्यावर, जिथे कापड लोखंडाच्या वळणावर घासतं तिथे, आतून रेक्झिनचा तळहाताएवढा ठिगळ आधीच लावून घेत होता. नव्याकोऱ्या कापडाला! ‘फाटतं ते इथूनच,’ एवढंच म्हणाला. तुमच्या छपराला चार कमानींची आठ वळणं आहेत. आठही जागी असा ठिगळ हवा.

कापडाबद्दल. रोपांना कोंडमारा सोसत नाही, म्हणून वर ताडपत्रीचं सुती कॅनव्हास, वॉटरप्रूफ केलेलं, १२ ते १४ औंसाचं, म्हणजे चौरस मीटरला चारशे ते पावणेपाचशे ग्रॅम. त्याहून जाड घेतलंत तर वजन वाढेल आणि घरच्या मशीनखालून चार पदर जाणार नाहीत. निळी-पिवळी प्लास्टिकची ताडपत्री उन्हानं लवकर चिरते आणि वाऱ्यात फडफडून आयलेटपाशी फाटते, ती या कामाची नाही. मंडपाचं जुनं कापड घरात पडलेलं असेल तर तेही नको. साधं, वॉटरप्रूफ न केलेलं कॅनव्हास घेतलंत तर कापण्याआधी भिजवून वाळवा, ते आटतं.

दोरा पॉलिएस्टरचा. सुती दोरा दोन पावसाळ्यांत कुजतो आणि कापड धड असताना शिवण उसवते. इंचाला सहा-सात टाके पुरे, फार दाट टाके घातले तर सुईच्या भोकांच्या ओळीवरच कापड फाटतं. दोन्ही कडा एकमेकींत दुमडून दुहेरी शिलाई मारायची आणि जोड कमानीच्या बरोबर वर येऊ द्यायचा नाही. जोडाचा पदर कौलांसारखा ठेवायचा, पुढचा वर आणि मागचा खाली, म्हणजे वारा आणि पाणी दोन्ही त्यावरून निघून जातात. कडेला निवारपट्टी आत घालून दुमड घ्या आणि त्या दुमडीत पितळी आयलेट, वीतवीतभर अंतरानं. लोखंडी आयलेट गंजतो आणि गंज सुती कापड खातो. बाजूचं कापड फाळक्याच्या बाहेरून निदान सहा इंच खाली यावं, नाहीतर ओघळणारं पाणी थेट हौद्यात.

सुतळी आणि इलॅस्टिकचे हूक यांवर भरवसा ठेवू नका. हौद्याच्या मूळ हुकांना रॅचेटचे (खटक्यानं आवळायचे) पट्टे लावा, प्रत्येक कमानीवरून एक, आणि आयलेटमधून नायलॉनची दोरी. दोरीचं लोंबतं टोक ठेवायचं नाही, चाकात गेलं तर सगळं छप्पर ओढून नेईल. पुढची बाजू पूर्ण बंद आणि ताणलेली हवी. छप्पर केबिनच्या जेवढं वर जाईल तेवढा वारा जास्त, म्हणून उंची रोपांपुरतीच ठेवा. मागच्या पडद्याला उघडून गुंडाळायचे पट्टे असू द्या.

पडद्यावरून एक आठवलं. धावत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि सायलेन्सरचा धूर वळून झाकलेल्या हौद्यात शिरतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. मार्केट यार्डात पहाटे नंबर लागेपर्यंत पोरं मागे ताडपत्रीखाली झोपतात आणि इंजिन चालू असतं, हे तुम्हीही पाहिलं असेल. तुमच्याकडच्या माणसांना याची सक्त मनाई करा. कोणाला झोपायचंच असेल तर इंजिन बंद, पडदा उघडा.

आरटीओचं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीतल्या तपशिलांशी विसंगत असा बदल गाडीत करायचा नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये हे आणखी घट्ट केलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला प्रत्येकी पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. सुटी होणारी ताडपत्री आणि कायम जखडलेला सांगाडा यांच्याकडे एकाच नजरेनं बघितलं जाईलच असं नाही, म्हणून काम सुरू करण्याआधी मापाचा कागद आणि आरसी घेऊन तुमच्या आरटीओत जा. एमएच-१२ असेल तर संगम पुलाजवळ, एमएच-१४ असेल तर मोशीला. मंजुरी लागते म्हणाले तर ती लेखी घ्या आणि विमा कंपनीलाही कळवा. मालवाहू गाडीला फिटनेस आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी लागतो, तेव्हा गाडी त्यांच्यासमोर येणारच आहे. मागचे दिवे, नंबर प्लेट, परावर्तक पट्ट्या कापडाखाली झाकल्या जाता कामा नयेत. आतल्या आरशातून मागचं दिसणं बंद होईल, तेव्हा बाहेरचे दोन्ही आरसे चांगले मोठे बसवून घ्या. आणि छपरासकट गाडीची उंची मोजून केबिनमध्ये डोळ्यांसमोर लिहून ठेवा. रेल्वेखालच्या बोगद्यापाशी ती आठवत बसायची वेळ येऊ नये.

पहिली फेरी रिकाम्या गाडीनं, सकाळी लवकर, ४० च्या वर न जाता. मागे अंतर ठेवून दुचाकीवर कोणीतरी, आणि मागे बसलेल्यानं मोबाइलवर चित्रण करायचं. कापड कुठे फुगतं, कुठे फडफडतं ते गाडीतून कळत नाही, मागून लगेच दिसतं. दहा किलोमीटरवर थांबून सगळे नट आणि पट्टे पुन्हा आवळा. पहिल्यांदा ते सैल पडतातच. मग पाइपनं वरून पाणी सोडून बघा. त्यानंतर माल, आणि घाट अगदी शेवटी. ओलं कापड घडी करून ठेवू नका, बुरशी धरते.

ही पहिली फेरी तुमच्या पत्नीच्या सोयीच्या दिवशी ठेवा आणि चित्रण त्यांना करू द्या. त्यांचं न ऐकता हे काम झालं तर पुढच्या प्रत्येक वादळात त्या घरी जीव मुठीत धरून बसतील. त्यांनी उपस्थित केलेली शंका खरी होती, त्यावरूनच बेत बदलला, हे वडिलांसमोर सांगा. आणि वडिलांना सांगा की कमानीचा बेत मोडला, शिलाईचा नाही. सुनेनं त्यांच्या शिवणकामावर बोट ठेवलं असं त्यांना वाटतंय. पत्र वाचून मला तरी तसं दिसत नाही, तिचा घोर पोरांचा आहे. जेजुरीचा बेत एसटीवर गेला की त्यातला निम्मा कमी होईल.

राहिला रंग. मिलिटरी हिरवा नको. केंद्रीय मोटार वाहन नियमांत ऑलिव्ह ग्रीन रंगाच्या गाड्या फक्त संरक्षण खात्यासाठी राखलेल्या आहेत. नियम गाडीच्या रंगाचा आहे, कापडाचा नाही, पण नाक्यावर उभं राहून हा फरक समजावत बसायची गरज काय? फिका खाकी घ्या. गडद कापडाखाली हौदा तापतो, फिक्याखाली रोपं तग धरतील.